एकशे तेरावी नळी

यंत्रानं महेश्वरीला आजारी ठरवलं. यंत्राला तिचं नाव ठाऊक नव्हतं, पदव्या ठाऊक नव्हत्या, खोलीच्या दारावरची ‘डॉ. महेश्वरी जेवळे’ ही पितळी पाटी त्यानं कधी वाचली नव्हती. त्याच्या लेखी ती एकशे तेरा नंबरची नळी होती. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता त्या नळीची रेघ पडद्यावर उठली आणि इकडंतिकडं न बघता सरळ उसतोड्यांच्या घोळक्यात जाऊन बसली, जशी एखादी बाई चुकून परक्याच्या पंगतीत बसावी आणि वाढप्यानं तिच्याही पानात भात घालावा. रेघ जितकी लवकर उठे तितकं रक्तात आजाराचं चिन्ह जास्त. खाली आळसावलेल्या, उशिरा उठणाऱ्या रेघा होत्या. त्या धाराशिवातल्या कारकुनांच्या, प्राध्यापकांच्या, कॉलेजातल्या पोरींच्या. वर होती ती ढोकीच्या फडातली माणसं. त्यांची मूत्रपिंडं उन्हानं आणि तहानेनं आतून वाळत चालली आहेत, असं महेश्वरीनं जगाला सांगून तीन महिने झाले होते. तिनं चष्मा पुसला. रेघ हलली नाही. तेव्हा तिच्या मनात जो पहिला विचार आला तो भीतीचा नव्हता. ‘गुरुलिंगनं नळ्यांची अदलाबदल केली’, असा तिच्या तंत्रज्ञाविषयीचा तो विचार होता, आणि तो आल्याबरोबर तिला बरं वाटलं. माणसं आपल्या अंदाजाइतकीच खालच्या पायरीवर सापडली की तिला नेहमीच बरं वाटे.

तिची नळी त्या घोळक्यात गेली कशी, तर फोटोपायी. मंगळवारी पेपरवाल्यांना शास्त्रज्ञ बाई फडात हव्या होत्या. ‘मॅडम, तुम्ही पण रक्त द्या ना त्यांच्यासोबत, मस्त येईल’, असं तो कॅमेरेवाला म्हणाला होता, आणि तिनं पाचटाच्या ढिगाशेजारी, तोडकऱ्यांच्या झोपडीच्या, कोपीच्या सावलीत बाही वर सारली होती. शेजारी उसतोडीच्या बाया हसत होत्या. गुरुलिंगनं तिच्या दंडाला रबरी नळी बांधली, बारीक सुई घातली, ‘दुखलं का मॅडम’ असं विचारलं, आणि भरलेली जांभळ्या टोपणाची नळी बाकीच्यांच्या नळ्यांत ठेवून दिली. ती स्वतः मोटारीनं परत आली. नळी तिच्या वाटेनं आली. पुढं नेमून दिलेल्या चाकोरीत ती यंत्रापर्यंतही पोचली, कारण चाकोरी महेश्वरीनंच आखून दिली होती आणि तिच्या हाताखालच्या माणसांनी डोकं चालवू नये हा त्या चाकोरीतला पहिला नियम होता.

शुक्रवारी सकाळी तिनं तळमजल्यावरच्या नर्सकडून स्वतःचं रक्त परत काढून घेतलं. एक जिना चढून ते वर आणलं, पाच मिनिटांत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. दुपारी उत्तर आलं: सपाट, उशिरा उठणारी, कारकुनी रेघ. एकच बाई, एकच रक्त, मधे तीन दिवस. मग ती शीतकपाटापाशी गेली आणि जे चार वर्षांत तिनं एकदाही केलं नव्हतं ते केलं. नळ्या खिडकीशी धरून नुसत्या बघितल्या. शहरातल्या माणसांचा रक्तरस करडईच्या तेलासारखा पिवळा होता. ढोकीचा गुलाबी होता. कुठं फिका, कुठं गडद, आणि एकशे तेरा नंबरची तिची स्वतःची नळी चक्क डाळिंबाच्या सरबतासारखी. तांबड्या पेशी फुटल्या होत्या. फुटून त्यांनी आपल्या पोटातलं सगळं रसात सांडलं होतं.

आता हे तिला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. दुसऱ्या वर्षाच्या पोराला हे माहीत असतं. प्रत्येक पेशीत वीस-बावीस अक्षरांचे इवले तुकडे असतात, मायक्रोआरएनए म्हणतात त्यांना; जनुकांना दटावून गप्प बसवणं हे त्यांचं काम. अवयव दुखावला की त्याचे तुकडे रक्तात येतात, म्हणजे माणसाला कळायच्या कितीतरी आधी त्याचं रक्त बोलायला लागतं. महेश्वरीनं धरलेला तुकडा मूत्रपिंडातून सांडतो. पण तोच तुकडा तांबड्या पेशींतही भरलेला असतो, ठासून. नळी हिंदकळली, उन्हात तापली, पेशी फुटल्या, की धडधाकट माणसाचं रक्तही आजाऱ्यासारखं बोलतं. म्हणून रसाचा रंग आधी मोजायचा असतो. दोन मिनिटांचं काम. पहिल्या वीस नळ्यांचा तिनं मोजलाही होता. त्या वीस गुरुलिंगनं ढोकीच्या दवाखान्यात काढून, तिथंच फिरवून, बर्फाच्या डब्यातून आणल्या होत्या. त्या स्वच्छ निघाल्या, पण त्यांतून काही सिद्धही होत नव्हतं, शहर आणि फड सारखेच दिसत होते. मग तिनं सांगितलं की दवाखान्यात नको, माणसं कामावर असतानाच फडात रक्त काढा. आणि मग आकडे असे सुरेख यायला लागले, असे दोन बाजूंना दुभंगून उभे राहिले, की रंग मोजायचं कुणाला सुचणार? सुंदर सुनेच्या माहेरची चौकशी कोण करतं?

कोण करतं, तर गुरुलिंग करत होता. पन्नाशी उलटलेला, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून कामावर येणारा, टाळ कुटून तळहाताला घट्टे पडलेला माणूस. त्याच्याकडं एक शाळकरी वही होती आणि त्या वहीत प्रत्येक नळीपुढं त्यानं रंग लिहिला होता. आकड्यांत नाही, त्याच्या अकलेप्रमाणं. ‘कोरं’. ‘गुलाबी’. ‘जास्वंदी’. एके ठिकाणी ‘कुंकू सांडल्यावानी’. ‘मॅडम, ह्या नळ्या जरा लाल येत्यात बघा,’ असं तो दोनदा म्हणालाही होता. दुसऱ्यांदा ती म्हणाली होती, ‘गुरुलिंग, तुम्ही रंग बघू नका, नंबर बघा. ही रंगपंचमी नाही.’ ‘बरं,’ तो म्हणाला होता. ह्या लोकांच्या ‘बरं’चा तिला विलक्षण तिटकारा होता. त्यात मान्यता नसते आणि भांडणही नसतं. गाईनं शेपटी हलवावी तसं ते असतं. वहीतला तो रंगाचा रकाना तिनं संगणकावर घेऊ दिला नाही. उलट बंगळुरूच्या परिषदेत, रात्रीच्या जेवणात, तिनं त्याचा किस्सा केला. ‘आमच्याकडं एक तंत्रज्ञ आहे, तो हिमोग्लोबिन जास्वंदीत मोजतो.’ टेबल हसलं होतं. एक जर्मन बाईसुद्धा, तिला समजावून सांगितल्यावर, हसली होती. तो हशा आता शीतकपाटाच्या उघड्या दारातून थंडगार वाफेसारखा बाहेर येत होता, आणि महेश्वरी तिथंच उभी होती, हातात स्वतःची जास्वंद घेऊन.

शनिवारी सकाळी ती ढोकीला निघाली. मोटार दारात होती, पण ती काळीपिवळी जीपमध्ये बसली. नळ्या ज्या वाटेनं आल्या त्या वाटेनं, उलट्या दिशेला. असं करण्यात काही पश्चात्ताप वगैरे नव्हता. पश्चात्ताप हा तिला कीर्तनातला शब्द वाटे. तिला फक्त बघायचं होतं. मधल्या बाकावर तिच्यासह पाच माणसं होती, कुणाचा तरी कोपर तिच्या बरगडीत होता, आणि तंबाखू, घाम, ऊन लागलेलं रेक्झिन ह्यांचा जो एकत्र वास असतो तो तिला लोहाऱ्याच्या लहानपणापासून पाठ होता, म्हणूनच सहन होत नव्हता. येडशी मागं पडली तशी जीप आदळायला लागली. ‘धरून बसा, बाई,’ ड्रायव्हर मागं न बघता म्हणाला, ‘ह्या रोडला पोटुशी बसवली की ढोकी यायच्या आत सुटती.’ ‘आन् सुटलेली बसवली तर?’ पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं. ‘तर पोरगं परत आत,’ ड्रायव्हर म्हणाला, आणि सगळी जीप हसली. महेश्वरी हसली नाही. ती प्रत्येक आदळ मोजत होती. तिच्या पोटात, कानात, दातांत तो आदळ शिरत होता, आणि तिला वाटत होतं की आत कुठंतरी तांबडं काही फुटतं आहे. चार वर्षं मी हा रस्ता मोजला. निबंधाचं नाव काय, तर उष्णतेनं होणाऱ्या मूत्रपिंडविकाराचं रक्तातलं पूर्वचिन्ह. खरं नाव, ढोकी ते धाराशिव रस्त्यावरील खड्ड्यांचा रेण्वीय अभ्यास. बंगळुरूच्या टेबलाला हा किस्सा जास्त आवडला असता.

आणि किस्साच राहता तर बरं होतं. निबंध मागं घेण्याची दोन ओळींची ई-मेल तिनं शुक्रवारी लिहून ठेवली होती, धाडली नव्हती. ती केव्हाही धाडता येईल, जगात रोज कुणी ना कुणी धाडतं. पण तिनं यादी वाचली होती. फडातल्या छप्पन्न जणांपैकी एकेचाळीस जणांच्या रक्तात चिन्ह आहे, ही यादी तिनं पाचटावर उभं राहून, सही-शिक्क्यानिशी, ‘तुम्हाला कळायला हवं, तो तुमचा हक्क आहे’ असं म्हणून मोठ्यानं वाचली होती. वाचताना तिला आपण फार उदार वाटलो होतो. ऊसतोडीची टोळी बांधणाऱ्या हिंमतराव मुकादमानं ती यादी तिच्याकडून मागून घेतली आणि लॅमिनेट केली. ह्या जिल्ह्यात माणसं लग्नपत्रिकासुद्धा लॅमिनेट करतात, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं. त्यापलीकडं काही आलं नव्हतं. मग सोमवारी इरम्मा आली. नंबर सत्तेचाळीस. चपला दाराबाहेर काढून, फरशीवर अनवाणी उभी राहिली. चाळिशीची, सीमेकडची, बोलता बोलता मधेच कानडीत उसासा टाकणारी बाई.

‘मॅडमबाई, माझं रगत परत बघा की एकडाव.’

‘का?’

‘मला काय बी हुईत न्हाय. पाय सुजत न्हाईत. लघवी साफ हाय. हिंमतराव म्हनतो, यादीत नाव हाय, किडनीवाली फडात पडली तर कोन निस्तरनार? पुढल्या हंगामाला आमचा कोयता न्हाय म्हनतो. आमी दोगं म्हंजे एक कोयता बघा, मी अन् आमचे शरणबसप्पा. माझं नाव गेलं की त्यांचं बी गेलं. अय्यव्वा, शनवारी परसादाला तो टोळी बांधनार हाय.’

‘रक्त म्हणजे काय भाजी आहे का, आवडली नाही तर परत निवडून घ्यायला?’

इरम्मानं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. हिशेब न लागणाऱ्या वस्तूकडं बघावं तसं. मग ‘बरं’ म्हणाली आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. चार दिवसांत ते ‘बरं’ महेश्वरीला कुठंही भेटे. चहाच्या कपात, जिन्यात, आरशात. तरीही ती तिला मूर्खच म्हणत राहिली, कारण शहाण्या माणसानं भांडायला हवं होतं. भांडली असती तर मी तपासलं असतं का? जीप आदळली. नसतं तपासलं.

कीर्तनाचा तिटकारा तिला उगीच नव्हता, त्याला बापाचं नाव होतं. महांतप्पा जेवळे. लोहाऱ्यात कापडाचं दुकान, आणि सप्ताह कुठंही असो, अप्पा शिवकीर्तनाला उभे. त्यांची एक कथा ठरलेली होती. एका दारात भिक्षेकरी येतो, पाणी मागतो, घरची बाई त्याला फुटका घडा पुढं करते. भिक्षेकरी पाणी पितो आणि हसतो, कारण तो साक्षात शंभू असतो. अप्पा त्या बाईची नक्कल करायचे. कंजूष बाईचा हात कसा आखडतो, चांगला घडा पदराआड कसा जातो. माणसं लोटपोट हसत. महेश्वरी दहा वर्षांची असताना, भर सप्ताहात, ऐन नकलेत अप्पा थांबले. हात तसाच हवेत राहिला. टाळ एकेक करून गप्प झाले. ‘मंडळी,’ ते म्हणाले, ‘सोळा वर्षं मी ही कथा सांगतोय आन् आज उभ्या उभ्या ध्यानात आलं, मी चुकलोय. तिच्या घरात दुसरा घडाच नव्हता. असता तर कथेत कुठं तरी आला असता. तिनं होता तेवढा दिला. सोळा वर्षं मी तुम्हाला एका गरीब बाईला हसायला लावलं.’ आणि बायका बसल्या होत्या त्या बाजूला वळून त्यांनी जमिनीला डोकं टेकलं, फेटा सुटला, मृदंगवाल्याला खूण केली आणि कथा परत पहिल्यापासून सांगितली. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं तिला ‘चुकलेअप्पांची पोरगी’ म्हणाली. वर्षभर म्हणत होती. बापानं निदान घरी येऊन चुकायचं होतं, असं तिला वाटलं. सुटलेला तो फेटा, धुळीला लागलेलं भस्म, आणि वर पुन्हा त्या चेहऱ्यावर एखाद्या लहान पोरासारखं समाधान! तिनं त्या वर्षी ठरवलं होतं की आपण अशा जागी जायचं जिथं माणूस चुकत नाही. विज्ञान तिला पुढं भेटलं. आधी ही जागा ठरली होती.

ढोकीच्या फाट्यावर ती उतरली तेव्हा दहा वाजले होते. फडाची गाडीवाट पायी तुडवत ती कोप्यांपाशी आली. सप्ताहाचा मांडव उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यानं, वाढ्यांनी, शाकारला होता आणि प्रसादाचं कीर्तन सुरू झालं होतं. रुद्रम्मा म्हणून कुणी शिवकीर्तनकार बाई होत्या, साठीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र असा की लांब रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यालाही ऐकू जावा. मागं टाळकऱ्यांच्या रांगेत गुरुलिंग उभा होता. धाराशिवात खांदे पाडून वावरणारा हा माणूस इथं ताठ होता, डोळे अर्धे मिटलेले, पाय टाळाबरोबर आपोआप उचलत होते. तिला बघून त्याचा टाळ चुकला नाही. चाल संपल्यावर तो मांडवाबाहेर आला.

‘मॅडम, तुमी? प्रसादाला आला व्हय?’

तिनं त्याला सांगितलं. उभ्यानं, चार वाक्यांत, एखाद्याला दम द्यावा तसं. पाचवं वाक्य तिला जमलं नाही. तो ऐकत राहिला. ‘मी म्हणालो होतो’ हे शब्द येतील म्हणून तिनं दात आवळले होते. त्यांची तिला एका अर्थी आशाही होती. ते आले असते तर तिला परत त्याचा तिटकारा करता आला असता.

‘म्हंजे इरम्माचं नाव चुकून लागलं,’ तो एवढंच म्हणाला. ‘हिंमतराव तर परसादानंतर टोळी बांधनार. मग आत्ताच सांगा की.’

‘मी लिहून देते. तुम्ही त्याला द्या.’

‘कागदानं न्हाय जमायचं, मॅडम. कागद तुमचाच हाय त्याच्याजवळ, त्यो बी पिलास्टिकचा. अन् तुमी नुसतं बोलून बी कुनाला पटायचं न्हाय. दाखवा.’ मग जरा थांबून, ‘माझी पिशवी हाय इथं. दोन नळ्या भरू इरम्माच्या. एक हितं ठिवू, हालवायची न्हाय. दुसरी ट्रॅक्टरवर. त्यो पान्याच्या टाकीला चाललाय, तासाभरात माघारी यील.’

तिनं त्याच्याकडं बघितलं. चार वर्षं पगारपत्रकावर सही करताना ज्या माणसाचं नाव तिनं नुसतं वाचलं होतं, त्यानं उभ्या उभ्या तिच्या सगळ्या प्रबंधांहून स्वच्छ प्रयोग मांडला होता. तिला राग आला. कुणाचा, ते कळेना.

इरम्माला बोलावलं. ती बायकांतून उठून आली, पदर खोचत, आणि सुई बघून थबकली. ‘परत रगत? त्या दिशी तर भाजीपाला म्हनत हुता.’ ती महेश्वरीकडं वळली. ‘कशाला पायजे ते तरी सांगा की, बाई. का आजून एखादी यादी हाय?’

‘माझं चुकलं का ते बघायला,’ महेश्वरी म्हणाली.

इरम्मानं दंड पुढं केला. ‘मग घ्या. त्ये लवकर बघाया पायजे हुतं.’

एक नळी गुरुलिंगनं ज्वारीच्या दाण्यांनी भरलेल्या तांब्यात सरळ रोवली आणि तांब्या मांडवातल्या महादेवाच्या पिंडीच्या पायरीवर ठेवला. दुसरी ट्रॅक्टरच्या मडगार्डला चिंधीनं बांधली. ट्रॅक्टर धडधडत उन्हात गेला आणि कीर्तन पुढं चालू झालं. महेश्वरी बायकांच्या शेवटच्या रांगेत, गोणपाटावर बसली. तास काढायचा होता. मांड्या अवघडल्या, पाठीवरून घाम ओघळला, शेजारच्या म्हातारीनं न विचारता तिला आपल्या पदरानं वारा घातला. टाळ वाजत होते आणि तिला वाटलं होतं तसा तो कल्लोळ नव्हता; मधे मधे रुद्रम्मा आवाज इतका खाली आणत की टाळकऱ्यांना नुसत्या बोटांनी वाजवावं लागे, आणि मग मांडवभर माणसं श्वास धरून पुढं वाकत. माणसांना गप्प बसवायची ही रीत महेश्वरीच्या कुठल्याच परिषदेत नव्हती. तिथं माणसं नुसती गप्प असत. आणि मग, तिनं कान टवकारले, कथेत एक भिक्षेकरी आला, पाणी मागू लागला, घरच्या बाईनं फुटका घडा पुढं केला. रुद्रम्मांनी नक्कल केली. आखडणारा हात. पदराआड गेलेला चांगला घडा. लोक हसले. महेश्वरीच्या अंगावर काटा आला, कारण तो हात अप्पांचा होता. आणि त्या हाताला जिथं थांबायचं तिथंच तो थांबला. टाळ एकेक करून गप्प झाले. ‘आता मी चुकले,’ रुद्रम्मा म्हणाल्या, ‘ही चूक माझी न्हाय, ती आमच्या गुरूची. लोहाऱ्याच्या महांतप्पांची. सोळा वर्षं त्यांनी ही कथा चुकीची सांगितली आन् भर सभेत मागं घेतली. म्हनून आमच्या कीर्तनाच्या फडात रीत हाय, ही कथा सांगायची ती चुकीसकट. आधी हसवायचं, मग डोकं टेकायचं. नुसती बरोबर कथा सांगितली तर ती कुनाच्याच ध्यानात ऱ्हात न्हाय.’ आणि त्या बायकांच्या बाजूला वळल्या. म्हातारं डोकं जमिनीला लागलं. ते जिथं टेकलं त्याच्या समोर, सात रांगा मागं, महेश्वरी बसली होती. आपल्या बापाची चूक तीस वर्षं गावोगाव चालते आहे, माणसं तिला नमस्कार करताहेत, आणि आपल्याला पत्ता नाही. लोहाऱ्याला ती दोन वर्षांत गेलेली नव्हती. अप्पांना आता नीट दिसत नव्हतं. फोनवर ते विचारत, ‘तुझं संशोधन काय म्हनतंय?’ आणि ती म्हणे, ‘तुम्हाला नाही कळायचं.’

ट्रॅक्टर परत आला. आरती झाली. पंगतीची पानं मांडायच्या आधी सूचना सांगायची रीत असते. गुरुलिंग पुढं होऊन रुद्रम्मांच्या कानात बोलला; दारावरच्या पाटीतलं आडनाव त्यानं चार वर्षं वाचलं होतं. त्यांनी मांडवभर नजर फिरवली. ‘महांतप्पांची लेक? मग मागं का बसलीया ती?’ वाट आपोआप झाली. कीर्तनकाराच्या जागी उभं राहणाऱ्याच्या पाया पडतात. पुढच्या रांगेतला एक म्हातारा सवयीनं वाकला आणि तिचे पाय मागं सरकले. समोर एकेचाळीस जण होते. त्यातले कोण, तिला चेहऱ्यानं ओळखता येत नव्हतं. एकशे तेरा नंबर तिला पाठ होते, माणूस फक्त एक.

‘मी यादी वाचली होती,’ ती म्हणाली. आवाज पोचेना. ‘जरा मोठ्यानं, बाई,’ कुणीतरी म्हणालं. ‘मी यादी वाचली होती, ती चुकीची आहे. रक्त तुमचं आजारी नव्हतं, ते इथून धाराशिवला नेताना खराब झालं. हे बघा.’ गुरुलिंगनं दोन्ही नळ्या उंच धरल्या. एकीत तळाला गडद रक्त बसलं होतं आणि वर बोटभर पिवळा, नितळ रस उभा होता, त्यातून मांडवाच्या छपराचं हिरवं दिसत होतं. दुसरीत खालपासून वरपर्यंत नुसतं लाल पाणी. ‘दोन्ही इरम्माच्याच. एक देवापाशी ठेवली, एक ट्रॅक्टरवर. माझंही रक्त असंच लाल निघालं होतं.’

‘दूध बी आमी आसं न्हेत न्हाय, मॅडमबाई,’ इरम्मा जागेवरूनच म्हणाली. ‘किटली मांडीवर धरतो. शेंबड्या पोराला इचारलं आसतं तरी सांगितलं आसतं.’ मांडव हसला. जीप हसली होती तसा, मोकळा, बिनविषारी, आणि त्या हशात बंगळुरूचं टेबल कुठं होतं ते महेश्वरी शोधत राहिली. सापडलं नाही. तिरस्कार ह्या लोकांना येत नव्हता. तेवढं शिक्षण नव्हतं.

हिंमतराव मुकादम उठला. पांढरे कपडे, खिशात मोबाइल, मोबाइलमागं ती यादी. ‘म्हंजे इरम्माला किडनीचं न्हाय?’

‘माहीत नाही.’

‘आता बगा! शरणबसप्पाला?’

‘माहीत नाही. कुणाचंच माहीत नाही. परत तपासावं लागेल, इथंच, यंत्र इथं आणून.’

‘मग चार वर्षांत तुमाला म्हाईत काय हाय?’

‘यादी खोटी आहे. एवढं.’

हिंमतराव तिच्या पुढ्यात आला. मग त्यानं खिशातून यादी काढून तिच्या हातात दिली. ‘शिक्का तुमचा हाय. तुमीच फाडा. लोकांम्होरं.’ तिनं दोन्ही हातांनी ओढली. लॅमिनेशन फाटेना. तिनं दात आवळून पिरगाळली. यादी वाकली आणि टणकन परत सरळ झाली, वर तिची सही, एकेचाळीस नावांखाली, ऐटदार. मागं पोरं खिदळली. तिच्या कपाळावरचा घाम चष्म्यात उतरला. अप्पांना निदान जमीन तरी हाताशी होती.

तेवढ्यात इरम्मा उठून गेली आणि कोपीच्या कुडात खोचलेला कोयता घेऊन आली. उसाचा बुडखा छाटायचा एक ओंडका मांडवाच्या खांबाशी पडला होता, तो तिनं पायानं पुढं लोटला. यादीचं एक टोक तिनं डाव्या हातात घेतलं.

‘त्ये टोक तुमी धरा.’

महेश्वरी गोणपाटावर गुडघे टेकून बसली आणि तिनं टोक धरलं. लाकूड आणि तिची बोटं ह्यांत चार अंगुळांचं अंतर होतं. सकाळपासूनचा सगळा रस्ता अजून बोटांत आदळत होता. वर कोयता उचलला गेला, त्याच्या पात्यावर ऊन आलं.

‘हालू नका, मॅडमबाई,’ इरम्मा म्हणाली. ‘हाललं की बिघडतंय.’

तिनं श्वास धरला.